पर्मनंट बाई इंदूर बघायला जाते

इंदूर कुठे आहे हे मला चांगलं ठाऊक होतं. नकाशावर. मुंबईहून आग्र्याकडे रेघ ओढायची, सातपुडा ओलांडायचा, नर्मदा ओलांडायची, विंध्य चढायचा आणि पठारावर एक टिंब द्यायचं. डोंबिवलीच्या शाळेत भूगोल शिकवताना हे टिंब मी इतक्यांदा दिलंय की फळ्याला तिथे खड्डा पडायचा तेवढा बाकी आहे. टिंबासमोर लिहायचं ‘कापडगिरण्या’. मुलं वहीत उतरवून घेतात, परीक्षेत जोड्या लावतात, एक मार्क पदरात पडतो. त्या टिंबात जाऊन राहायची वेळ माझ्यावर येईल असं काही मला वाटलं नव्हतं.

ती वेळ आणली आमच्या ह्यांच्या कंपनीनं. अरविंद ठाण्याच्या एका पंपांच्या कारखान्यात सुपरवायझर. त्या वर्षांत सगळ्यांना जो शोध लागत होता तो त्यांच्या मालकांनाही लागला, की पंपांपेक्षा पंपांखालची जमीन जास्त मोलाची आहे. जमीन विकायची आणि कारखाना उचलून इंदूरजवळ पीथमपूरला न्यायचा असं ठरलं. कामगारांना सांगितलं, दसऱ्यापर्यंत कळवा. यायचं असेल तर चला, नाहीतर हिशेब घ्या.

अरविंदला जायचं होतं. पण सरळ तसं म्हणेल तर तो अरविंद कसला! म्हणाला, “तू जाऊन बघून ये. तू हो म्हणालीस तर जाऊ.” म्हणजे बंदूक माझ्या खांद्यावर.

कारण मी पर्मनंट. अनुदानित शाळा, ज्येष्ठता यादीत तिसरी, आणि वरच्या दोघी निवृत्तीला टेकलेल्या. आमच्या घरात ‘पर्मनंट’ हा शब्द सौभाग्यवतीच्या तोडीचा आहे. राजीनामा दिला की ती रांग सुटली. नव्या गावात, नव्या शाळेत, पुन्हा सगळ्यात शेवटी उभं राहायचं, तेही कुणी उभं केलं तर. इथे राहिलो तर त्याची नोकरी जाते, तिथे गेलो तर माझी. मुलगा पुण्यात हॉस्टेलवर. त्याला एवढंच हवं होतं की दिवाळीला कुठल्या गाडीत बसायचं ते वेळेवर सांगा.

आमचा गणपती दीड दिवसाचा. त्याला पोचवला, शाळेच्या सुट्टीला थोडी रजा जोडली आणि आग्रा रोडच्या रात्रीच्या बसमध्ये बसले. निघताना अरविंदला म्हटलं, “कांदे घेताना दाबून बघते तसं बघून येईन. मग तक्रार करायची नाही.”

सरवटे स्टँड

ज्या स्टँडवर उतरले त्याचं नाव सरवटे. एवढे डोंगर-नद्या ओलांडून आल्यावर पहिलं नाव मराठी भेटलं, जरा बरं वाटलं. समोर भावजी उभे. भावजी म्हणजे अरविंदच्या आतेबहिणीचे, कुसुमताईंचे यजमान. आजोबांच्या वेळेपासून इंदुरात. इथल्या एका कापडगिरणीत विणकाम खात्यात जॉबर होते, म्हणजे मागांच्या एका ओळीवरचे मुकादम. लग्नाकार्यात दोन-तीनदा पाहिलेले, पण माझी बॅग त्यांनी अशी घेतली की जणू कालच भेटलो होतो.

“चला वहिनी, आधी पोहे.”

मी म्हटलं, घरी जाऊ, तोंड धुऊ, ताई वाट बघत असतील.

“अरे यार, घर कुठे भागून चाललंय? पोहे खतम होतात.”

तोंडावर नळाचं पाणी मारून मी त्यांच्या स्कूटरवर बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा रस्त्यावर उभं राहून, न विंचरलेल्या केसांनी, पोहे खाल्ले. आता पोह्यांबद्दल मी जरा कडक आहे. कांदा परतलेला हवा, खोबरं हवं, लिंबू हवं. इथे वाफेवर ठेवलेले पिवळे पोहे, त्यात बडीशेप, वर कच्चा कांदा, मूठभर शेव, आणि जीरावन म्हणून एक मसाला भुरभुरलेला. गोड, आंबट, तिखट, सगळंच. सोबत जिलबी! सकाळी सात वाजता! मी मनात तोटे मोजायला सुरुवात करणार होते, तेवढ्यात प्लेट संपली.

“भिया, भाभीजी को एक और,” भावजी ओरडले. मी नको म्हटलं नाही. डोंबिवलीत ही गोष्ट कुणाला सांगू नका.

एक गोष्ट त्याच सकाळी लक्षात आली. आजूबाजूला पंचवीस-तीस माणसं खात होती आणि कुणालाही घाई नव्हती. ऑफिसला जाणारा माणूससुद्धा बशी धुतल्यासारखी स्वच्छ करून, वर पान लावून निघत होता. आमच्याकडे सकाळी सातला असा उभा राहिलेला माणूस दिसला तर लोक विचारतील, बरं नाही का? हे फायद्यात धरायचं की तोट्यात ते मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

परदेशीपुरा

कुसुमताईंचं घर परदेशीपुऱ्यात, गिरण्यांच्या वस्तीत. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर शिलाई मशीन. साड्यांना फॉल लावणं, पिको करणं हे काम त्या करतात. गिऱ्हाइकं दिवसभर येत असतात, त्यामुळे त्यांच्याशी बोलायचं म्हणजे मशीन थांबेल तेव्हा बोलायचं.

आंघोळ करून येते तो भावजी निघाले. धुतलेला शर्ट, केसांना तेल आणि हातात तीन पुडांचा जेवणाचा डबा. मी चाट पडले. गिरणी बंद पडून वर्षं झाली हे अरविंदनं मला चार वेळा बजावलं होतं, तो विषय काढू नकोस म्हणून.

“मिलमध्ये चाललेत,” कुसुमताई म्हणाल्या.

“सुरू झाली?”

“कुठची सुरू होते! झांकी आहे ना अनंत चौदसची.”

मग मशीन दोन-तीनदा थांबलं तेव्हा तुकड्या-तुकड्यांनी मला कळलं. इंदुरात अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या निघतात. म्हणजे ट्रॉलीवर रचलेले देखावे, हलत्या बाहुल्या, हजारो दिवे, पुढे लाठ्याकाठ्यांच्या कसरती करणारे आखाडे. सगळं गाव रस्त्यावर. आमच्याकडे मूर्ती किती फूट ते विचारतात, इथे विचारतात कोणत्या मिलची झांकी. आणि मिरवणुकीत प्रत्येक गिरणीची रांगेतली जागा ठरलेली. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, झांक्या बंद पडल्या नाहीत. कामगार स्वतःच दारोदार जाऊन वर्गणी करतात आणि बनवतात.

“आणि गेट?” मी विचारलं. “बंद गिरणीत जाऊ देतात?”

“झांकीपुरतं उघडतात ना. वर्षाचे हेच दिवस.” कुसुमताईंनी दातानं दोरा तोडला. “बाकी साल गेटला ताला. म्हणून तर डबा. घरी जेवायला आले तर तेवढा टाइम बाहेर जातो ना त्यांचा.”

“आणि बाकीचं वर्ष काय करतात?”

“मिल सुरू व्हायची वाट बघतात.” यात कडवटपणा नव्हता. पाऊस पडतोय म्हणावं तसं त्या म्हणाल्या. “पोलोग्राउंडला वर्कशॉपमध्ये लावून दिलं होतं माझ्या भावानं. गेले, लंचला परत आले. तिथे कुणी विचारत नाही म्हणे तुम्ही कोणत्या खात्यातले. आता वर्कशॉपवाला कशाला विचारेल? त्याचं एकच खातं!”

आम्ही दोघी हसलो. मग गिऱ्हाईक आलं.

दोन दिवस मी गाव बघत फिरले. सियागंजमध्ये हळदीपासून खिळ्यांपर्यंत सगळं पोत्यानं विकतात, आणि दुकानदार “बैठो भाभीजी” म्हणून गादीवर जागा करतो, घेतलं नाही तरी चालतं. भाजी ताजी आणि स्वस्त. भाद्रपदात मक्याची कोवळी कणसं येतात, त्यांचा किसून दुधात शिजवलेला कीस खाल्ला. या एका पदार्थासाठी माणसानं बदली मागून घ्यावी. संध्याकाळ झाली की पठारावरून गार वारा येतो, आणि डोंबिवलीत घामोळ्याची पावडर घेऊन झोपणाऱ्या मला पायाशी चादर लागली. उलट पाणी एक दिवसाआड. नर्मदेचं म्हणून अभिमानानं सांगतात, पण एक दिवसाआड. टेम्पो नावाची तीन चाकी वाहनं आहेत. त्यातून उतरल्यावर आपण काळे होतो आणि बहिरे होतो. मराठी सगळीकडे ऐकू येतं, पण कसं? “वहिनी, बिलकुल टेन्शन नका घेऊ, मस्त जागा आहे, बस थोडी दूर पडेल.” पहिल्या दिवशी माझे कान टवकारले, हातात लाल पेन नव्हतं म्हणून लोक वाचले. चौथ्या दिवशी मीच भाजीवाल्याला म्हणाले, “ढंगचं दे ना भैया.” कुसुमताई हसून हसून ओट्यावर बसल्या.

राऊ

भावजींच्या ओळखीनं राऊला एक शाळा बघायला गेले. राऊ हे महूच्या रस्त्यावरचं गाव, तिथे नव्या कॉलन्या आणि कॉलेजं उगवत होती. अरविंद पीथमपूरला जाणार तर राहायला राऊ सोयीचं. शाळा खाजगी, हिंदी माध्यमाची, भिंतींना नवा गुलाबी रंग. प्रिन्सिपॉल म्हणाले, एक तास घेऊन दाखवा.

भूगोलाचं म्हणाल तर मला झोपेतून उठवून शिकवायला सांगा. विषय घेतला भारतातले उद्योग. हिंदी माझं बँकेत चालेल इतपत, तरी रेटलं. फळ्यावर भारत काढला, हात आपोआप मध्यावर गेला, टिंब दिलं.

“इंदौर किस चीज़ के लिए प्रसिद्ध है?”

“सेव!” सगळा वर्ग एकदम.

“पोहा!” मागून.

“नहीं, नहीं,” मी हसत म्हटलं आणि टिंबासमोर सवयीनं लिहून टाकलं, ‘कपड़ा मिलें’.

मग दुसऱ्या बाकावरची एक मुलगी, लाल रिबिनी लावलेली, नीट उभी राहिली. म्हणाली, “मैडम, वो तो बंद हैं. मेरे पापा वाली भी.”

तिनं ते माझी चूक काढायला म्हटलं नव्हतं. फळ्यावरचं चुकलंय, तेवढंच सांगत होती. मी ‘ठीक कहा’ म्हटलं आणि शब्द पुसले. पण समोर काय लिहायचं ते सुचेना. टिंब तसंच ठेवून मी तागाकडे, बंगालकडे सरकले. इतक्या वर्षांत बंगालकडे इतक्या घाईनं कधी गेले नव्हते.

प्रिन्सिपॉल खूश झाले, केव्हा येता म्हणाले. बाहेर व्हरांड्यात वानखेडे मॅडम भेटल्या. त्या तिथे गणित शिकवतात. मराठी ऐकून मुद्दाम थांबल्या. त्यांचे आजोबा पलटणीत होते, महूला आले आणि महूचेच झाले. घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून मराठी वाचायला शिकलो, शाळेत नाही, असं सांगत होत्या. चहा पाजला आणि मग हळूच म्हणाल्या, “एक सांगू मॅडम? बुरा नका मानू. इथे पर्मनंट कोणीच नाही. एप्रिलमध्ये घरी बसवतात, जुलैमध्ये परत बोलावतात. बोलावतात, मतलब बोलावतातच, पण कागदावर काही नाही.”

“मग तुम्ही कशा राहता?”

“शिकवता येतं, म्हणून राहते. ही नाही तर दुसरी शाळा. इथे दर साल एक नवीन शाळा खुलते.” आणि मग माझ्याकडे बघून, “तुमच्याकडे खुलतात?”

मी चहा संपवला. आमच्याकडे मराठी शाळा उघडत नाहीत. मी लागले तेव्हा आमच्या पाचवीच्या पाच तुकड्या होत्या. यंदा दोन. दुसरी भरावी म्हणून मे महिन्यात आम्ही शिक्षिका उन्हातान्हात चाळीचाळीतून हिंडलो, तुमचा मुलगा आमच्याकडे घाला म्हणून. हे मी वानखेडे मॅडमना सांगितलं नाही. “आमच्याकडे वेगळं आहे,” एवढंच म्हटलं.

पीथमपूर

पीथमपूर बघायलाच हवं होतं, कारण नवरा तिथे दिवस काढणार. भावजींनी चार तास झांकीचे बुडवून मला नेलं. त्यांच्या दृष्टीनं हा केवढा मोठा त्याग ते मला नंतर कळलं.

रस्ता रुंद, झाडं खुरटी, आणि माळावर इथे-तिथे ठेवून दिल्यासारखे कारखाने. अरविंदच्या कंपनीची जागा सापडली. पाटी लागली होती, भिंती निम्म्या उभ्या होत्या, पुढे चिखल. चिखलात माझी चप्पल रुतली आणि पट्टा तुटला. पुढचं सगळं पीथमपूर मी एका पायानं लंगडत पाहिलं, त्यामुळे माझं मत थोडं कलुषित असू शकेल. बघण्यासारखं तसं काही नव्हतं. शिफ्ट सुटली तेव्हा मात्र बघत राहिले. बसमधून, सायकलींवरून पोरं निघाली, सगळी विशी-पंचविशीची. पांढरा केस औषधाला नाही.

“मिलवाले इथे नाही लागले?” मी विचारलं.

“आयटीआयवाले लडके घेतात,” भावजी म्हणाले. “आमच्यासारख्यांना चौकीदारीला. तेही ओळख असेल तर.” आणि विषय बदलून त्यांनी माझी चप्पल काढून घेतली, खिशातून सुतळी काढली आणि पट्ट्याला अशी घट्ट गाठ मारून दिली की ती चप्पल मी अजून वापरते.

मला वाटलं, आता ते म्हणतील, अरविंदला सांगा माझ्यासाठी शब्द टाकायला. तयारीच करून बसले होते मी उत्तराची. पण घरी येईपर्यंत ते झांकीतला गोवर्धन पर्वत किती उंच झालाय तेच सांगत होते.

मिलचं गेट

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी कुसुमताईंनी डबा माझ्या हातात दिला. “आज घाईत विसरून गेले. तू दे नेऊन, मिल पण बघून होईल.”

गेट म्हणजे मोठं लोखंडी दार, त्यातलं छोटं दार उघडं. चौकीदारानं डबा बघितला आणि मला न विचारता आत सोडलं. डब्याच्या वरच्या पुडावर खिळ्यानं ठोकून ठिपक्या-ठिपक्यांत भावजींचं नाव, हजेरीचा नंबर आणि ‘विणकाम’ एवढं लिहिलेलं होतं. चौकीदाराला तेवढं पुरलं.

आवारात कमरेइतकं गवत. शेडच्या दारांना कुलपं, कुलपांवर लाखेची सीलं. मध्ये थोडी जागा साफ करून ट्रॉली उभी, तिच्यावर बांबू, तट्टे आणि कापडाचा डोंगर. भोवती चाळीसेक माणसं, बहुतेक पन्नाशीच्या पुढची. आणि काय सांगू, ती माणसं खात्याखात्यानं बसली होती! कातणखात्यातले एका बाजूला दोऱ्या वळत होते, रंगखात्यातले रंग कालवत होते, मेकॅनिक ट्रॉलीखाली उताणे. विणकामवाले पर्वताला कापड चढवत होते आणि भावजी कमरेवर हात ठेवून त्यांच्यावर ओरडत होते. सुरकुती पडली म्हणून! घरी आवाज न चढवणारा माणूस. रंगखात्यातला एक म्हातारा विणकामाच्या कापडाला हात लावायला गेला तर दोघं एकदम म्हणाले, “भिया, ये आपका खाता नहीं.” तो “हओ” म्हणून मुकाट्यानं मागे सरला. गिरणीला टाळं लागून वर्षं झाली होती.

दोघांनी खालचं चाक फिरवलं. जुन्या मागाच्या दातेरी चाकांवर बसवलेला पर्वत कुरकुरत वर चढला, आणि खाली करंगळी उंचावून कृष्ण उभा. भर दुपारी, दिवे नाहीत, पर्वताला मागून ठिगळ दिसतंय. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीसुद्धा.

जेवायला भावजी ट्रॉलीपाशी बसले नाहीत. एका बंद शेडच्या पायरीवर जाऊन बसले. सील केलेल्या दाराला पाठ लावून डबा उघडला. ते त्यांचं विणकाम खातं. पायरीवर बसायची जागा झिजून गुळगुळीत झालेली. मी शेजारच्या पायरीवर बसले. पोळीचा तुकडा मोडत ते म्हणाले, “मग? येणार ना तुम्ही लोक?”

आठवडाभर हा प्रश्न मला सगळ्यांनी विचारला होता आणि सगळ्यांना मी एकच उत्तर दिलं होतं. तेच दिलं. “बघू. मी तिथे पर्मनंट आहे ना.”

भावजी जेवत राहिले. मग म्हणाले, “मला बोलावलं होतं, वहिनी. पीथमपूर नवं-नवं होत होतं तेव्हा. आमचेच एक इंजिनीअर साहेब तिकडे गेले, बोलले, चल, मशीनवर लावतो. तेव्हा वय पण होतं. मी बोललो, साहेब, मी पर्मनंट आदमी, तिकडे जंगलात कोण येणार? तुमची कुसुमताई बोलत होती, जा, जा. मी नाही गेलो.”

पीथमपूरच्या रस्त्यावर एवढा वेळ एकत्र होतो, तेव्हा हे त्यांनी सांगितलं नव्हतं. इथे सांगितलं.

“वाईट वाटतं?” मी विचारलं.

त्यांनी खरंच विचार केला. “बाकी साल वाटतं,” ते म्हणाले. “हे दहा दिवस नाही वाटत.” आणि उठून डबा विसळायला नळावर गेले.

मी त्या पायरीवर बसून राहिले. मला भीती वाटली, सरळ सांगते. कुणाची कीव वगैरे नाही, स्वतःची भीती. आमच्या शाळेची मागची इमारत गेल्या वर्षीच बंद केलीय, तुकड्या नाहीत म्हणून. तिथल्या कोपऱ्यातल्या वर्गाबाहेर माझी एक पायरी आहे, मधल्या सुट्टीत मी तिथे बसून डबा खाते. वर्ग बंद झाला तरी तिथेच जाऊन खाते. इतके दिवस त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं.

परतीचा डबा

मी निघाले तो दिवस अनंत चतुर्दशीच्या आदला. माझी रजा संपत होती. परदेशीपुऱ्यातल्या यच्चयावत बायकांनी येऊन मला दूषणं दिली, की झांकी न बघता कोण जातं, इंदूर बघितलं म्हणू नका. मी म्हटलं, दिवसा बघितली. त्या म्हणाल्या, दिवसा काय बघायचं असतं त्यात?

कुसुमताईंनी आठवडाभरात या की नका येऊ यातलं काही म्हटलं नव्हतं. बॅग भरताना मीच विचारलं. “मी नाही सांगणार,” त्या म्हणाल्या. “उद्या तुला नाही करमलं तर मला शिव्या देशील. पण एक आहे सुनंदा. अरविंदच्या मागे-मागे नको येऊ. यायचं तर तुझी तू ये.” आणि पुऱ्या-भाजी भरलेला डबा माझ्या हातात ठेवला. भावजींचा डबा, नंबरवाला.

“अहो, हा कसा? त्यांना लागेल.”

“उद्या तिथे सगळ्यांचं एकत्र जेवण. परवा ताला. आता पुढच्या साली लागेल.”

भावजी दारात स्कूटरची किल्ली घेऊन उभे होते. डब्याकडे त्यांनी जरा जास्त वेळ बघितलं. म्हणाले, “घेऊन जा, घेऊन जा. पण परत आणा बरं का.”

घरी पोचले. अरविंदनं चहा केला, बॅग आत नेली, डबा घासून पालथा घातला, पण विचारलं काही नाही. मी हवा सांगितली, पोहे सांगितले, पाणी एक दिवसाआड ते सांगितलं, शाळेत कागदावर काही देत नाहीत ते सांगितलं, त्याच्या कंपनीचा चिखल सांगितला. तो मान डोलवायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फडताळातला डबा त्याच्या हाती लागला.

“आमच्यातला एक जण पुढच्या आठवड्यात साइटवर चाललाय,” तो म्हणाला. “त्याच्याबरोबर देऊन टाकू का हा?”

“रिकामा डबा परत देतात का कधी कुणाचा?”

“मग भरून दे. चकल्या घाल.”

“चकल्यांचा डबा आहे का तो? जेवणाचा आहे.” मी पीठ मळत होते, मळता मळता म्हटलं, “सकाळचं गरम भरायला लागतं त्यात. पोळी, भाजी, आमटी. पुढच्या गणपतीत, गेट उघडेल त्या दिवशी.”

तो डबा घेऊन माझ्यासमोर आला. “म्हणजे?”

“म्हणजे राऊला घर बघशील तेव्हा आधी स्वयंपाकघर बघ,” मी म्हटलं. “आणि दसऱ्याला कळव कंपनीला. मी वर्गाची परीक्षा उरकून मे महिन्यात येते, माझी मी.”